बारा किलोमीटर आणि साडेबारा हजार किलोमीटर

२०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस आई ताईकडे निघाली. ताई न्यू जर्सीत, एडिसनला राहते. तिचं दुसरं बाळंतपण होतं. आमचं घर मुलुंड पूर्वेला. दुपारी हॉलमध्ये बॅगा जोखायचा कार्यक्रम झाला. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगांना परवानगी. शेजारच्या काकांकडून हुकाचा वजनकाटा आणला, बॅग त्याला अडकवून मी दोन्ही हातांनी उचलली आणि आईने वाकून आकडा वाचला. चोवीस किलो सहाशे. मग ती मांडी घालून जमिनीवर बसली. डिंकाच्या लाडवांचा डबा, मेतकूट, गोडा मसाला, बाळंतशेपा, आजीच्या जुन्या लुगड्याची मऊ दुपटी. एकेक वस्तू तिने हातात घेऊन तोलली. शेवटी स्वतःच्या दोन साड्या आणि लोकरीची शाल बाहेर काढली. दुपटी आतच राहिली. "शाल तिच्याकडची घेईन मी. लुगड्याची दुपटी तिला तिथे कोण देणार?"

विमान रात्री दीडचं होतं. साडेआठला गाडी आली. विक्रोळीपर्यंत पूर्व द्रुतगती मार्ग बरा होता. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याला वळलो आणि पवईच्या अलीकडे लाल दिव्यांची रांग लागली. आईने विचारलं, "दादा, किती वेळ लागेल?" चालक साताऱ्याकडचा होता. तो म्हणाला, "काकू, विमानतळ लांब नाही. रस्ता लांब आहे."

सहारला पोहोचेपर्यंत दहा वाजले. त्या रात्री आई आत गेल्यावर मी बाहेर कठड्यापाशी उभा राहून मोबाइलवर हिशेब केला. मुलुंड स्टेशन ते विमानतळ हे हवाई अंतर आहे सुमारे बारा किलोमीटर. त्याला आम्हाला दीड तास लागला. तेवढ्याच दीड तासात आईचं विमान साडेतेराशे किलोमीटर जाणार, म्हणजे मुंबईहून दिल्ली गाठून आणखी पुढे. मुंबई ते नेवार्क हे हवाई अंतर साडेबारा हजार किलोमीटर. आमच्या प्रवासाच्या हजारपट, आणि वेळ दसपट. शिवाय पस्तीस हजार फुटांवरून उडणारं विमान जमिनीपासून पावणेअकरा किलोमीटर वर असतं. याचा अर्थ मुलुंडच्या माणसाला सहारचं विमानतळ जेवढं दूर आहे, तेवढं डोक्यावरचं विमानही दूर नाही.

तेव्हापासून दोन गावांमधलं अंतर आणि ते कापायला लागणारा वेळ या विषयाने मला धरून ठेवलं आहे. जितकं वाचत गेलो, तितकं त्या चालकाचं वाक्य खरं वाटत गेलं. अंतर जमिनीवर ठरतं. वेळ ठरतो तो वाटेत काय आडवं येतं त्यावरून.

गोलावरचा दोरा

शाळेच्या भिंतीवरचा जगाचा नकाशा पाहिला की वाटतं, मुंबईहून अमेरिकेला जायचं म्हणजे नाकासमोर पश्चिमेला जायचं: अरबी समुद्र, आफ्रिकेचा वरचा भाग, मग अटलांटिक. पण पृथ्वी सपाट नाही. माझ्या मुलीच्या टेबलावर पृथ्वीगोल आहे. लोकरीच्या दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरायचं, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणायचा. तो आपोआप वर सरकतो, उत्तरेकडे. मुलीने हे पहिल्यांदा केलं तेव्हा तिला वाटलं दोरा घसरला. तिने तो खाली ओढून पुन्हा ताणला. तो पुन्हा वर गेला.

त्या ताणलेल्या दोऱ्याची वाट वाचण्यासारखी आहे. मुंबईहून तो वायव्येपेक्षाही अधिक उत्तरेकडे झुकत निघतो. सिंध, बलुचिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान ओलांडून रशियात शिरतो. सेंट पीटर्सबर्गजवळून नॉर्वे-स्वीडनवर येतो, आइसलँडवरून जातो, ग्रीनलंडच्या खालच्या टोकाशी येऊन कॅनडात उतरतो आणि मग न्यूयॉर्क. वाटेत तो पासष्ट अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो. आर्क्टिक वृत्त तिथून जेमतेम दीड-दोन अंशांवर. मेच्या उकाड्यात घामाघूम होऊन मुलुंडहून निघालेल्या माणसाची सर्वांत जवळची वाट ही अशी बर्फाच्या प्रदेशाच्या कडेने जाते.

ही झाली भूमितीची वाट. विमानाला ती जशीच्या तशी क्वचितच मिळते.

वारा आणि इंधन

मोठं प्रवासी विमान ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास उडतं. साडेबारा हजाराला नऊशेने भागलं तर चौदा तास येतात. प्रत्यक्षात मुंबईहून न्यूयॉर्कला किंवा नेवार्कला जायला साडेपंधरा-सोळा तास लागतात आणि परत यायला चौदा-साडेचौदा. विमान तेच, गावं तीच, तरी जाण्यायेण्यात दीड तासाचा फरक.

कारण वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार हवेचा प्रवाह वाहत असतो. त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. त्याचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर सहज असतो, हिवाळ्यात त्याहून बराच वाढतो. अमेरिकेला जाताना तो समोरून येतो, येताना पाठीशी असतो. म्हणून वैमानिकाची रोजची वाट त्या दिवसाच्या वाऱ्याप्रमाणे आखली जाते. किलोमीटर वाढले तरी चालतील, समोरचा वारा चुकला पाहिजे, असा तो हिशेब असतो. समुद्रावर गलबत हाकणाऱ्या कोकणातल्या तांडेलाला हे वेगळं सांगायला नको.

दुसरा प्रश्न इंधनाचा. अशा मार्गावर धावणाऱ्या बोइंग ७७७ च्या टाक्यांत एक लाख ऐंशी हजार लिटरच्या आसपास इंधन मावतं आणि ते ताशी सात-आठ टन जळतं. अर्ध्या तासाचा वळसा पडला की चार टनांच्या आसपास जादा इंधन लागणार. ते जादा इंधन वाहून न्यायलाही इंधनच लागतं. वळसा फार मोठा झाला तर माल किंवा प्रवासी कमी करावे लागतात, नाहीतर वाटेत कुठेतरी उतरून टाक्या भराव्या लागतात. १ ऑगस्ट २००७ रोजी एअर इंडियाने मुंबई-न्यूयॉर्क थेट सेवा सुरू केली, ती बोइंग ७७७-२०० एलआर या खास लांब पल्ल्याच्या विमानामुळे. त्याआधी १४ मे १९६० पासून मुंबईकर बोइंग ७०७ ने न्यूयॉर्कला जात होते, पण लंडनला थांबून. पृथ्वीचा आकार तोच राहिला. टाकी मोठी झाली, इंजिनं काटकसरी झाली आणि एक थांबा गळाला.

आकाशातलं कुंपण

वारा निसर्गाचा, त्याच्याशी भांडता येत नाही. पण आकाशात माणसाने घातलेली कुंपणंही आहेत, आणि मुंबईकरांना त्यांचा अनुभव वारंवार येतो.

आई गेली त्याच्या महिनाभर आधी, पहलगामच्या हत्याकांडानंतर, २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी आपली हवाई हद्द बंद केली. भारतानेही पाकिस्तानी विमानांना हद्द बंद केली. पुढे दर महिन्याला या बंदीची मुदत वाढत गेली. २०१९ मध्ये बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर फेब्रुवारीपासून जुलैच्या मध्यापर्यंत असंच झालं होतं. गोलावरचा दोरा ज्या सिंधमधून जातो, ते दारच मिटलं. आईचं विमान अरबी समुद्रावरून आखाताकडे वळून गेलं. दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्यांना फटका अधिक बसला. काही विमानांना व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनासाठी उतरावं लागलं. मग १३ जून २०२५ रोजी इस्रायल-इराण संघर्षामुळे इराणचं आकाश बंद झालं आणि मुंबईहून पश्चिमेकडे निघालेली काही विमानं वाटेतूनच माघारी फिरली. माणसं पुन्हा सहारलाच उतरली.

या कुंपणाचं सर्वांत बोलकं उदाहरण मात्र आपल्या जुहूचं आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी जे. आर. डी. टाटा कराचीहून पस मॉथ हे एका इंजिनाचं छोटं विमान स्वतः चालवत निघाले. टपालाची पिशवी सोबत. अहमदाबादला उतरले, तिथे बैलगाडीतून आणलेल्या डब्यांतलं पेट्रोल भरलं आणि दुपारी जुहूच्या मैदानावर उतरले. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासकडे गेले. भारतातल्या नागरी हवाई वाहतुकीचा पाया म्हणून आपण हा दिवस सांगतो. मुंबई-कराची हे हवाई अंतर जेमतेम पावणेनऊशे किलोमीटर आहे. दिल्ली याहून लांब, साडेअकराशेच्या घरात. पण आज मुंबईहून कराचीला थेट विमान नाही. जायचंच ठरवलं तर दुबईसारख्या ठिकाणाहून वळसा घालावा लागेल, आणि एकटं मुंबई-दुबई हे अंतरच एकोणीसशे किलोमीटरच्या पुढे जातं. १९३२ मध्ये एका इंजिनाच्या छोट्या विमानाने अर्ध्या दिवसात कापलेली वाट नव्वदहून अधिक वर्षांनी लांबली आहे. विज्ञान पुढे गेलं तरी शेजारधर्म मागे राहिला, तर अंतर वाढतं. हे लिहिताना मला वाईट वाटतं आणि ते लपवावंसं वाटत नाही.

अठ्ठावन्न दिवस

नेवार्कच्या विमानतळापासून आठ-नऊ किलोमीटरवर रोझेल नावाचं छोटं गाव आहे. आज हजारो मराठी माणसं त्याच्या आसपासच्या रस्त्यांवरून एडिसनला जातात. या गावाशी आपलं नातं जुनं आहे. कल्याणच्या आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जून १८८३ ला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या. अठ्ठावन्न दिवस लागले. वय अठरा, सोबत घरचं कोणी नाही. त्यांना घ्यायला आल्या होत्या थिओडिशिया कार्पेंटर, आणि त्या आनंदीबाईंना घेऊन गेल्या रोझेलला, आपल्या घरी. दोघींची ओळख तोवर केवळ पत्रांतून झालेली होती.

त्या काळी एका पत्राचं उत्तर यायला काही महिने जात. एकीने आजारपणाविषयी विचारावं आणि उत्तर येईपर्यंत आजार बरा तरी झालेला असावा किंवा बळावलेला तरी. आनंदीबाई ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियातून डॉक्टर झाल्या, त्याच वर्षाच्या अखेरीस परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. त्यांच्या अस्थी पुन्हा तोच समुद्र ओलांडून कार्पेंटरबाईंकडे गेल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावच्या दफनभूमीत त्यांचं स्मारक आहे. अठ्ठावन्न दिवसांचे आता सोळा तास झाले आहेत. साधारण सत्त्याऐंशी पटीने वेळ कमी झाला. पण कार्पेंटरबाईंनी ओळखीपाळखीच्या नसलेल्या मुलीसाठी धक्क्यावर जाऊन उभं राहणं, यात कमी करण्यासारखं काही नव्हतं.

पुढचे टप्पे भराभर आले. ८ जून १९४८ च्या रात्री एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून पहिल्यांदा लंडनला निघालं. कैरो आणि जिनिव्हाला थांबत १० जूनला पोहोचलं. बोटीला आठवडे लागत होते त्या काळात ही दीड दिवसाची गोष्ट अद्भुत होती. आज तेच लंडन नऊ-साडेनऊ तासांवर आहे.

बरोबर सहासष्ट वर्षांनी, त्याच ८ जूनला, २०१४ साली, या उपनगरांत दुसरा एक प्रवास सुरू झाला. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो. अंतर ११.४ किलोमीटर, वेळ एकवीस मिनिटं. लंडनच्या विमानाएवढा त्याचा इतिहास लिहिला जाणार नाही, पण अंधेरी-कुर्ला रस्त्यावर साकीनाक्याला रोज तास-सव्वा तास अडकलेल्या माणसाला विचारा, त्याच्या आयुष्यातला मोठा ८ जून कोणता.

बोरिवली आणि मुलुंड यांच्यामध्ये

आता पुन्हा त्या बारा किलोमीटरकडे येतो, कारण या उपनगरांत असे बारा किलोमीटर एकाहून अधिक आहेत. बोरिवली ते मुलुंड हे हवाई अंतरही बारा किलोमीटरच. माझी मावशी बोरिवलीला राहते. आईला तिच्याकडे लोकलने जायचं तर मुलुंडहून दादर बावीस किलोमीटर, पूल चढून मध्य रेल्वेवरून पश्चिम रेल्वेवर, मग दादरहून बोरिवली चोवीस किलोमीटर. एकूण शेहेचाळीस. बारासाठी शेहेचाळीस, म्हणजे जवळपास चौपट. घाटकोपरला उतरून मेट्रोने अंधेरी गाठली तर बराच वळसा वाचतो, पण तीन गाड्या धराव्या लागतात आणि सत्तरीतल्या गुडघ्यांना प्रत्येक जिना वेगळा मोजावा लागतो. म्हणून दोघी बहिणी गणपतीला आणि दिवाळीला भेटतात, एरवी फोनवर.

मध्ये आडवं काय आहे? संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. एकशे चार चौरस किलोमीटरचं जंगल, त्यात कान्हेरीची लेणी, विहार आणि तुळशी हे तलाव आणि बिबट्यांचा वावर. हा अडथळा कुणाच्या वैरातून आलेला नाही. उलट या जंगलामुळे या उपनगरांना पावसाळ्यात हिरवं क्षितिज आहे आणि मे महिन्यात थोडी तरी गार झुळूक. विहार तलाव मुंबईला एकोणिसाव्या शतकापासून पाणी देतो आहे. जंगलाला घातलेला वळसा आणि बंद हद्दीला घातलेला वळसा यांत माझ्या मते मोठा फरक आहे. पहिला घालण्याजोगा आहे. दुसरा आपण आपल्यावर लादून घेतलेला आहे.

आता या डोंगराखालून वाट काढायचं काम चालू आहे. गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता १२.२ किलोमीटरचा, त्यात राष्ट्रीय उद्यानाखालून जाणारे जुळे बोगदे आहेत. पंचाहत्तर मिनिटांचा प्रवास पंचवीस मिनिटांवर येईल असं सांगितलं जातं. ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं कामही चालू आहे. जंगलाच्या पोटातून जाताना वरची झाडं, झरे आणि जनावरांच्या वाटा शाबूत राहिल्या पाहिजेत, याची काळजी कंत्राटाच्या कागदावर दिसते तेवढीच प्रत्यक्षात दिसायला हवी. वेळ वाचवायचा तो जंगल गमावून नव्हे.

विमानतळापर्यंतची वाटही हळूहळू सुधारते आहे. भूमिगत मेट्रो ३ ने ऑक्टोबर २०२४ पासून विमानतळाची दोन्ही टर्मिनल जोडली आणि मरोळ नाक्याला ती घाटकोपरच्या मेट्रोला भेटते. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळही चालू झालं. सहारच्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी व्यवहारात एकच वापरता येते. अशा अवस्थेत दिवसाला हजाराच्या आसपास विमानांची ये-जा होते. घाटकोपर-कुर्ल्याच्या छपरांवरून उतरणारं आणि जुहूच्या किनाऱ्यावरून उडणारं प्रत्येक विमान या एका पट्टीवरची आपली पाळी धरून असतं. एडिसनला पोहोचायला किती वेळ लागला यात या रांगेतली मिनिटंही धरावी लागतात.

दारापासून दारापर्यंत

आईचा हिशेब असा झाला. घराला कुलूप लावलं साडेआठला. विमान उडालं दीडला. सोळा तासांनी उतरलं, तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच आणि नेवार्कला सकाळचे आठ. उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेनऊ तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेदहा. पासपोर्टची रांग, बॅगा, मग ताईच्या नवऱ्याची गाडी. एडिसनच्या घराचं दार उघडलं तेव्हा तिथे सव्वादहा वाजले होते. दारापासून दारापर्यंत सव्वातेवीस तास. त्यांतले सोळा आकाशात आणि सव्वासात जमिनीवर. तिकिटावर सोळाच लिहिलेले असतात.

म्हणून दिवाळीच्या निमित्ताने, किंवा बाळंतपणासाठी, किंवा नातवंडांच्या ओढीने निघणाऱ्या आईवडिलांच्या मुलांना माझं सांगणं आहे. तिकीट काढताना हवेतले तास पाहाल तेवढेच जमिनीवरचे तास पाहा. व्हीलचेअरची मागणी आधीच नोंदवा. ती मागण्यात कमीपणा काही नाही. मुंबईतल्या रस्त्यासाठी दीड तास जास्तीचा ठेवा. चार तासांहून लांबच्या प्रवासात पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुपटीने वाढतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीतून पुढे आलं आहे. म्हणून दर तास-दोन तासांनी उठून चालायला आणि पाणी प्यायला त्यांना बजावून सांगा, आणि आजारपण असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. आणि उतरतील तेव्हा दाराशी कुणीतरी उभं असू द्या. कार्पेंटरबाई १८८३ साली उभ्या होत्या.

ताईकडचं बाळ आता चालायला लागलं आहे. लुगड्याच्या दुपट्याचं एक टोक झिजलंय, तरी झोपताना त्याला तेच लागतं. आई नोव्हेंबरमध्ये परतली. त्यानंतर ती सहा महिने बोरिवलीच्या मावशीकडे गेलेली नव्हती. गेल्या महिन्यात मी तिला घेऊन गेलो. दोन तास दहा मिनिटं लागली.